शिदोरी आणि पाणी : नागपूरच्या डोंगरवाटांचा इतिहास

महाराष्ट्रातल्या डोंगरभटकंतीचा इतिहास कोणी लिहायला घेतला की सुरुवात सह्याद्रीच्या किल्ल्यांपासून होते आणि बहुतेक वेळा शेवटही तिथेच होतो. ज्यांनी मराठी वाचकाला दुर्गांचे वेड लावले ते गो. नी. दांडेकर 1916 साली परतवाड्याला, म्हणजे गाविलगडाच्या पायथ्याच्या गावात जन्मले. तरीही विदर्भाच्या वाट्याला या इतिहासात फारसे काही येत नाही आणि नागपूरच्या वाट्याला तर काहीच नाही. शहर सपाटीवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंचीवर. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर. अशा ठिकाणी घरातल्या लहानथोरांना घेऊन दिवसभर डोंगरात चालायला जाणे ही हल्लीची, पाठपिशव्यांच्या दुकानांबरोबर आलेली हौस असावी, असे सहज वाटून जाते. हा समज चुकीचा आहे. रामटेक, अदासा, अंभोरा आणि त्यापलीकडे सातपुड्यातले महादेवाचे डोंगर या वाटा नागपूर परिसरातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पायांखाली घालत आली आहेत. त्यांच्या गाठोड्यात काय असायचे, याचा विचार केला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कोणत्या दिवशी निघायचे, कुठे थांबायचे, काय खायचे, ते कशात बांधायचे आणि कोणाबरोबर बसून खायचे, हे सगळे पाण्याने ठरवले. चवीचा, धर्माचा आणि ऐपतीचा वाटा होता. पण तो नंतरचा.

आधी भूगोल पाहू. नागपुरात वर्षाला सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगरातले ओहोळ दिवाळीनंतर काही आठवडे वाहतात, मग आटतात. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यांतले पाणी उन्हाळ्यातही पुरावे म्हणून ती राजसत्तेने खोदली. नागपूरभोवतीच्या टेकड्यांवर असा लष्करी खर्च क्वचितच झाला. इथे पाणी साठवले गेले ते पायथ्याशी, तलावांत आणि बावड्यांत. त्यामुळे इथली चालण्याची ठिकाणे शिखरावरून ओळखली जात नाहीत, पाणवठ्यावरून ओळखली जातात. रामटेकचा डोंगर चढायचा तो अंबाळा तलावाच्या घाटावरून. पायथ्याला कपूर बावडी आहे, जवळ इंग्रजी अमदानीतला खिंडसी तलाव आहे. अंभोरा वैनगंगेच्या संगमावर. शहराला लागून फुटाळा, अंबाझरी आणि गोरेवाडा. रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडले. छत्तीसगडातल्या रामगढचा दावा करणारेही अभ्यासक आहेत आणि तो वाद इथे सोडवायचे कारण नाही. पण कालिदासाने त्या डोंगराची ओळख पहिल्याच श्लोकात कशी करून दिली आहे, ते लक्षात घेण्याजोगे आहे: सीतेच्या स्नानाने पावन झालेले पाणी आणि दाट सावलीची झाडे. डोंगर किती उंच, हे तो सांगत नाही. विदर्भात डोंगराकडे जाणाऱ्या माणसाला ज्या दोन गोष्टी हव्या असतात, त्याच दोन त्याने सांगितल्या.

आता दिवस कोणता, ते पाहू. नागपूरकडच्या कुटुंबांचा मोठा वनदिवस म्हणजे कार्तिकातले आवळीभोजन. आवळा नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याच्याच सावलीत जेवायचे. शेजारपाजारच्या बायका मुलांना घेऊन डबे बांधून निघायच्या. गावात राहणाऱ्यांना शिवारातले झाड, शहरातल्यांना तेलंगखेडीसारखी बाग. त्याच पंधरवड्याच्या शेवटी, त्रिपुरी पौर्णिमेला, रामटेकची यात्रा. हे पंचांग धर्माने घालून दिले, हे खरे. म्हणूनच एक आक्षेप येतो: यात्रा म्हणजे भक्ती, तिला डोंगरातल्या सहलीची पूर्वपीठिका म्हणणे हा ओढूनताणून लावलेला संबंध नाही का? माझे उत्तर असे की, माणसे एका पावलात दोन कामे करतात. देवदर्शनाला निघालेल्या बाईला त्या एका दिवशी चुलीपासून सुटका मिळत होती, मुलांना तलावात डुंबायला मिळत होते, सासुरवाशिणींना एकमेकींशी बोलायला मिळत होते. आणि कार्तिकच का? पाऊस संपलेला, वाटा वाळलेल्या, ऊन सुसह्य, ओढे अजून वाहते, तलाव काठोकाठ, आवळा धरलेला आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली. पंधरा दिवस आधी चिखल, दोन महिने उशिरा कोरडे ओढे. कुटुंबाने दिवसभर बाहेर राहावे यासाठी नागपूरच्या हवेत याहून योग्य आठवडा शोधून सापडणार नाही. व्रत सांगणाऱ्यांच्या मनात हे गणित होते, असा माझा दावा नाही. पण पाळणाऱ्यांनी ते व्रत इतकी वर्षे आनंदाने टिकवले, त्यात या गणिताचा वाटा नक्की आहे.

शिदोरीचा विचार केला तर दोन घराणी स्पष्ट दिसतात. पहिल्या घराण्यात पाणी काढून टाकलेले अन्न: ज्वारीच्या लाह्या, मुरमुरे, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, जवसाची आणि तिळाची कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, आणि सगळ्यांत हुशारीचे म्हणजे सातूचे पीठ. गहू आणि डाळवं भाजून दळायचे, वेलची घालायची, पुरचुंडीत बांधायचे. भाजल्यामुळे पिठातला ओलावा जातो आणि ते आठवडेच्या आठवडे टिकते. शिवाय ते शिजवावे लागत नाही. वाटेत पाणी भेटले की मूठभर पीठ, गुळाचा खडा आणि तांब्यातले पाणी, एवढ्यावर जेवण होते. लहान मुलाला पातळ करून पाजता येते, म्हाताऱ्याला चावावे लागत नाही. आज डोंगरात जाणाऱ्यांसाठी पाणी ओतून खायची कोरडी पाकिटे जगभर विकली जातात. त्यांच्या मागची कल्पना आणि सातूच्या मागची कल्पना एकच आहे. याच घराण्याचा आणखी जुना अवतार जंगलातल्या गोंडांकडे आहे, फक्त उलट्या दिशेने: त्यांनी पाणी आणि अन्न वेगळे केलेच नाही. धान्याची आंबवलेली पातळ पेज वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून खांद्याला लावायची. तहान आणि भूक दोन्ही त्याच तुंब्यातून भागतात. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शहा हा देवगडचा गोंड राजा होता, हे नागपूरकर अभिमानाने सांगतात. या मुलखात चालावे कसे आणि चालताना खावे काय, हेही त्याच लोकांना सर्वांत आधी ठाऊक होते, हे सांगायला मात्र विसरतात.

दुसरे घराणे म्हणजे पाण्याकाठी शिजवायचे अन्न. त्याचा राजा रोडगा. कणीक घट्ट भिजवून जाडजूड गोळे करायचे, गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पळसाच्या पानात भाजलेले पानगे त्याचे भाऊबंद. महादेवाचा किंवा मारुतीचा नवस म्हणून रोडगे घालायचे आणि त्यासाठी सारे गणगोत डोंगरापाशी, ओढ्यापाशी जमवायचे, ही चाल विदर्भात आजही जोरात आहे. न्यायला सामान काय लागते, ते मोजा: कणीक, डाळ, वांगी, तिखटमीठ, तूप आणि एक मोठे पातेले. तवा नाही, पोळपाट नाही, चूल नाही. ताटे नाहीत, कारण पळस सगळीकडे आहे. पत्रावळ आणि द्रोण तिथेच टाचता येतात आणि जेवणानंतर मातीत जातात. एकच गोष्ट भरपूर लागते, ती पाणी. कणीक भिजवायला पाणी, वरणाला पाणी, वांगी धुवायला, हात धुवायला, पातेले घासायला पाणी. म्हणून रोडग्याची जागा निवडताना माणसे देखावा पाहत नाहीत. झरा किंवा विहीर पाहतात आणि मग सावली. ज्या डोंगरावर पाणी नाही तिथे पुरचुंडीतले कोरडे अन्न जाते, जिथे पाणी आहे तिथे पातेले जाते. एवढा साधा हा नियम आहे, आणि नागपूरभोवतीची कोणतीही जुनी यात्रा त्याला धरून चाललेली दिसेल.

इथे एक अधिक गंभीर आक्षेप घ्यायला हवा. कोरड्या अन्नामागे पाण्याची टंचाई होती की केवळ टिकाऊपणा? भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, वरणभात उन्हात आंबतो. तेव्हा माणसे टिकणारे पदार्थ नेणारच, त्यासाठी पाण्याचा सिद्धांत कशाला? पण अन्न टिकवणे म्हणजे बहुतेक वेळा त्यातले पाणी काढून टाकणे, आणि काढून टाकलेले पाणी खाणाऱ्याला कुठून तरी परत मिळावे लागते. तीन लाडू आणि मूठभर चिवडा खाऊन रामटेक चढलेल्या मुलाला तहान लागणारच. म्हणून टिकाऊ शिदोरीबरोबर पाणवठ्याचे ज्ञान लागत होते. कोणत्या वळणावर बावडी आहे, कोणती विहीर चैत्रात आटते, कोणत्या गावात रांजण भरलेला असतो, हे सांगणारा माणूस बरोबर असणे ही शिदोरीचीच अर्धी बाजू होती. संत्र्याचे महत्त्वही याच हिशेबात बसते. सालीत बंद असलेले, सांडत नाही असे, गोड आणि स्वच्छ पाणी खिशात नेण्याची ती युक्ती आहे. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, या समजुतीला आधार नाही. तोच कांदा भाकरीबरोबर खाल्ला तर थोडे पाणी पोटात जाते, एवढाच काय तो त्याचा उपयोग.

पण टिकाऊपणापेक्षा मोठे कारण एक होते, आणि शिदोरीच्या गोड आठवणी लिहिणारे ते सहसा टाळतात. दशमी दुधात का भिजवायची? दुधाने ती मऊ राहते, हे खरे. पण सोवळ्याच्या घरांत त्याचे मुख्य कारण वेगळे होते. पाण्यात भिजवलेले, शिजवलेले अन्न विटाळते. दुधातले आणि तुपात तळलेले अन्न प्रवासात चालते. म्हणजे पीठ भिजवायला पाणी घ्यायचे की नाही, हेसुद्धा जातीच्या नियमाने ठरत होते. वरच्या जातीच्या घराने परक्या विहिरीचे पाणी नको म्हणून घरून तांब्या भरून नेला. अस्पृश्य ठरवलेल्या घरानेही तो नेला, पण वाटेतल्या विहिरीला हात लावू दिला जाणार नव्हता म्हणून. दोन्ही गाठोडी बाहेरून सारखी दिसली असतील. त्यांत अपमानाचे अंतर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा वाटसरूच्या पाण्याचाही प्रश्न त्यात होता. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षेसाठी लाखो माणसे जमली, त्यांतली कितीतरी कुटुंबे पायी, भाकरीचे गाठोडे आणि मुले सांभाळत आली होती. नागपूरकडे येणाऱ्या वाटांवरच्या शिदोरीचा इतिहास त्या भाकरीला वगळून लिहिता येणार नाही. ‘आपली जुनी सात्त्विक शिदोरी’ असे म्हणताना ती कोणाची, हे विचारलेच पाहिजे.

भांड्यांकडे वळलो तर तिथेही पाण्याचाच हुकूम चालतो. फिरकीचा तांब्या हे मराठी प्रवासाचे खास भांडे. झाकणाला आटे, वर धरायला कडी. आडवा पडला तरी सांडत नाही. शेजारचा भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे नागपूरच्या बाजारात पितळेला तोटा नव्हता. पितळ जड, हा त्याचा दोष. भरलेला तांब्या घेऊन डोंगर चढणे सोपे नाही, म्हणून तो घरातल्या धडधाकट माणसाकडे आणि पुरचुंडी मुलांकडे, अशी वाटणी. विसाव्या शतकात त्याच्या जोडीला आली छागल, जाड्या कापडाची पाण्याची पिशवी. कापड पाझरते, पाझरलेले पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. नागपूरच्या वैशाखात हवा इतकी कोरडी असते की छागलीतले पाणी हवेपेक्षा बरेच थंड राहते. खिडकीतला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. श्रावणात मात्र तीच छागल निरुपयोगी, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. म्हणजे वस्तू चांगली की वाईट हे ऋतूवर अवलंबून होते, आणि वापरणाऱ्यांना ते ठाऊक होते. कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पंचा, घोंगडी, सतरंजी या घरातल्याच वस्तू डोंगरातही गेल्या. पंचा डोक्याला, घाम पुसायला आणि पाणी गाळायलाही.

पाणी गाळून घ्यायचे, पण ते गाळून स्वच्छ होत नाही, हे कळायला फार उशीर झाला. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि पुढे सातपुड्यातली पचमढी उन्हाळ्याचे ठिकाण. 1862 मध्ये पचमढीच्या पठारावर पोहोचलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने आपल्या 1871 च्या पुस्तकात महादेवाच्या यात्रेचे आणि तिच्याबरोबर पसरणाऱ्या पटकीचे वर्णन केले आहे. हजारो माणसे एका अरुंद दरीत, एकाच ओढ्यावर. पटकीला आणखी काय हवे? रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू पाण्यात आहे हे कोलकात्यात दाखवले ते 1884 साली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ ज्या झऱ्याला तीर्थ म्हणून ओंजळ लावली, त्यानेच माणसे मारली. नागपूर शहराने याचे उत्तर अंबाझरीच्या नळांत शोधले. 1870 च्या सुमारास तलावाचे काम वाढवून शहराला नळाचे पाणी देणारी योजना अलेक्झांडर बिनी या अभियंत्याने उभी केली. हाच बिनी पुढे लंडनला गेला आणि टेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्याच्या देखरेखीखाली झाला. घरी नळ आल्यावर शिदोरीतही बदल झाला. भरवशाचे पाणी घरीच मिळू लागल्यावर ते बरोबर नेणे हा सोवळ्याचा नव्हे, आरोग्याचा विषय झाला. जुन्या शिदोरीचा मी कैवार घेतो आहे, पण जुन्या पाण्याचा घेणार नाही.

श्रावणातली नागद्वारची यात्रा या सगळ्याचा आजचा जिवंत पुरावा आहे. नागपंचमीच्या आसपासचे काही दिवस सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली वाट खुली होते आणि विदर्भातली, विशेषतः नागपूरकडची, असंख्य कुटुंबे पचमढीहून नागद्वारकडे डोंगर-दऱ्या तुडवत जातात. पाऊस कोसळत असतो, ओढे तुडुंब असतात, पाण्याला तोटा नसतो. म्हणूनच तिथे सेवा मंडळांची अन्नछत्रे चालतात आणि ओल्या लाकडांवरही मोठमोठी पातेली शिजतात. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्यांचा ऋतू कोरडा. तिथे पुरचुंडी आणि बाटली. तेच डोंगर, तीच माणसे, तोच देव. पाणी बदलले की शिदोरी बदलते. नागपूर–छिंदवाडा ही अरुंद रेल्वे 2015 मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत या वाटेवरची गरीब कुटुंबे तिच्यातूनच गाठोडी घेऊन जात. तिच्या संथ चालीने त्यांना डबा खायला वेळही दिला.

मग बदलले काय? प्लास्टिकच्या बाटलीने पाणवठ्याचे ज्ञान अनावश्यक केले. हा बदल बुटांपेक्षा, पाठपिशव्यांपेक्षा आणि नूडल्सच्या पाकिटांपेक्षा मोठा आहे. पाणी विकत मिळते म्हटल्यावर बावडी कुठे आहे हे कोणी विचारत नाही, विचारले नाही की ती कोणी उपसत नाही, आणि न उपसलेली बावडी दोन पावसाळ्यांत कचराकुंडी होते. महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी घातली. पत्रावळ पुन्हा दिसू लागली, पण तिच्याशेजारी बाटली तशीच राहिली. हलके बूट, उन्हाची टोपी, क्षार-साखरेची पुडी, गाळणीची बाटली या सुधारणांना माझा विरोध नाही. मुलाचा जीव उन्हात कासावीस होत असेल तेव्हा परंपरेपेक्षा क्षार-साखरेची पुडी श्रेष्ठ. पण शिदोरी कशी असावी, याचे उत्तर दुकानाच्या फळीवर शोधण्याआधी आपल्या मुलखाने ते शोधून ठेवले आहे. कार्तिकात जा, पायथ्याला पाणी आहे अशा ठिकाणी जा, उकळलेले पाणी घरून न्या, आणि माणशी लागेल त्याहून थोडे जास्त न्या, सातू, दशम्या, जवसाची चटणी आणि संत्री घ्या, ताटे नेऊ नका.

आणि एक विनंती. हा इतिहास कागदावर फार थोडा उतरला आहे. तो घरोघरच्या ऐंशी-नव्वदीतल्या बायकांच्या आठवणीत आहे, कारण गाठोडी त्यांनीच बांधली. आपल्या घरातल्या आजीला, आत्याला बसवून विचारा आणि लिहून ठेवा: रामटेकला, महादेवाला जाताना काय बांधत होतात, कशात बांधत होतात, किती माणसांना पुरवत होतात. कोणत्या विहिरीचे पाणी प्यायलात, हेही विचारा. आणि कोणत्या विहिरीवर पिऊ दिले नाही, हे विचारायला विसरू नका.